थोडे मागे, आणखी थोडे

६ ऑगस्ट. सेकंड हेल्पिंग.

सकल चराचरास विदित व्हावे की बनबरी नगरपालिकेचा सेवानिवृत्त वाहनतळ-निरीक्षक लेस्टर पेनरोझ, उंचीने मध्यम, उदराने विशाल, आज मध्याह्नी सपत्नीक आणि सकॅरव्हॅन सुवर्णभूमीत प्रविष्ट झाला. स्वागतार्थ एक कावळा उपस्थित होता. त्याने अध्यक्षीय भाषण केले आणि तो निघून गेला.

हे वाक्य मी कोरलला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, छान जमलंय, पण वारलं कोण?

माझ्या सहधर्मचारिणीची रसिकता ही अशी आहे. तिच्या सहवासात राहूनही मी भाषेचे वैभव टिकवले, हा माझ्या आयुष्यातला एकमेव पराक्रम समजावा. समुद्राकाठचे घर विकून आम्ही ही गाडीमागे जोडून ओढायची कॅरव्हॅन घेतली. तीत पलंग आहे, शेगडी आहे, नळ आहे. भांडण झाल्यास तोंड फिरवून बसण्यापुरती जागा मात्र नाही. सबब भांडणे लवकर मिटतात.

इकडचा रस्ता तांबड्या मातीचा, आणि त्यावरची माणसे सौजन्यमूर्ती. समोरून येणारा प्रत्येक चालक सुकाणूवरून एक बोट उचलून अभिवादन करतो. बनबरीतही लोक मला आयुष्यभर एकच बोट दाखवीत आले. परंतु ते बोट निराळे होते.

सेकंड हेल्पिंग म्हणजे दुसरे वाढप. पहिली खाण आटल्यावर याच जागी जमिनीने पुन्हा सोने वाढले, म्हणून हे नाव पडले म्हणतात. आता गावाच्या नावाने उभे आहे ते खानावळीचे धुराडे, एक गंजलेली टाकी आणि तारेचे कुंपण घातलेल्या जुन्या खाणींची तोंडे. शेजार एकच : स्नो हॅलोरन नावाचा वृद्ध सुवर्णशोधक, जो आपल्या पत्र्याच्या गाडीत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून आहे. हिमासारख्या केसांवरून त्याला स्नो म्हणत. केस गेले, उपाधी राहिली.

मुक्कामाच्या जागी कॅरव्हॅन मागे घेणे ही दाम्पत्यजीवनाची अग्निपरीक्षा होय. विधी सर्वत्र सारखाच. नवरा सुकाणूवर, बायको कॅरव्हॅनच्या मागे उभी. ती हाताने खुणावणार, तो आरशात पाहणार. ती आरशात आहे तोवर मागे येत राहायचे. दिसेनाशी झाली की थांबायचे. कोरलची खूण ठरलेली आहे. डावा हात वर, दोन बोटे जुळवून स्वतःकडे वाकवते : थोडे मागे, आणखी थोडे. मग मूठ वळते : थांब. आज मूठ माझ्या ध्यानी येण्यापूर्वी एक मल्गाचे झुडूप धारातीर्थी पडले. कोरल स्नोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली की तुला उभ्या गाड्यांवर नेमलं तेच बरं झालं, चालत्या गाड्या तुला झेपत नाहीत. स्नो आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या हसला आणि म्हणाला की बाई, झुडपाला दंड लाव, चुकीच्या जागी उभं होतं.

मला हा मनुष्य आवडला.


७ ऑगस्ट

आज धातुशोधक यंत्राचे विधिवत उद्घाटन झाले. लांब दांडा, खाली थाळी, कानांवर हेडफोन. जमिनीवरून थाळी फिरवीत जायचे. खाली धातू असेल तर यंत्र गाते. सोन्याचा स्वर बारीक आणि चढता, लोखंडाचा खरखरीत.

यंत्र प्रथम गायले ते कोरलसाठी. गेल्या वर्षी शल्यविशारदांनी तिच्या उजव्या खुब्यात धातूचा सांधा बसवला. ती चहा घेऊन जवळ आली आणि माझ्या कानात एक जाड हुंकार उमटला, त्यामागोमाग दुसरा, जणू दूरवर एखादी गाय दोनदा खोकली. मी तिला दूर जायला सांगितले, पुन्हा जवळ बोलावले. गाय पुन्हा खोकली. मी जाहीर केले की या प्रांतातील सर्वात मौल्यवान धातुसाठा मला सापडला आहे. तिने जाहीर केले की तो खणायला येणाऱ्याच्या डोक्यात किटली बसेल.

सायंकाळी, इकडच्या रिवाजाप्रमाणे, जो तो घडीची खुर्ची आणि स्वतःचे पेय घेऊन एकत्र बसला. जो तो म्हणजे आम्ही तिघे. स्नोने मला धंद्याचा धर्म सांगितला. खणलंस की बुजव. बुजवायच्या आधी आपलं काहीतरी आत टाक. बाटलीचं बूच चालतं, बटन चालतं. आणि ज्यानं खणलं त्यानंच बुजवायचं, दुसऱ्याच्या खड्ड्याला कुणी हात लावत नाही.

मी पृच्छा केली की न बुजवल्यास कोणत्या कलमान्वये कारवाई होते. तो म्हणाला की उघडा राहिला तर तो आपलं आपण घेतो. मी विचारले, तो म्हणजे कोण? तो म्हणाला, खड्डा, दुसरं कोण, तुझी सासू?

कोरल इतकी हसली की तिचे आल्याचे पेय नाकातून बाहेर आले.

कलमाचा उत्तरार्ध मला बाष्कळ वाटला. पूर्वार्ध मात्र सर्वस्वी शिरोधार्य. उघडा खड्डा म्हणजे वाटसरूचा पाय मोडण्याची सोय, आणि सार्वजनिक शिस्तीसाठी मी माझी तारुण्यकांती पावसात उभी करून झिजवलेली आहे.


८ ऑगस्ट

दिवसभर खणले. मिळकत : गाढवाचा नाल, सार्डिनच्या डब्याचे झाकण, बंदुकीच्या गोळ्यांची टरफले. सोने : नास्ति.

खड्डे बुजवण्यात मात्र मी अल्पावधीत कलात्मक उंची गाठली आहे. प्रथम कोरलच्या बाटलीचे एक बूच आत अर्पण. मग माती. मग टाचेने ठोकणे. मग मल्गाच्या फांदीने वरून झाडणे, जेणेकरून भूमीला आपण उकरले गेलो याची आठवणही राहू नये. सरतेशेवटी मध्यभागी एक पांढरी गारगोटी. ती माझी राजमुद्रा. कोरल पाहायला आली आणि म्हणाली की इतकं नीट तू जन्मात कधी अंथरूण घातलं नाहीस.

दुपारी एक तरुण जोडपे दोन तास थांबून खणून गेले. त्यांचा एक खड्डा उघडा राहिला होता. गाडी सुरू झालेली असताना मी तिच्यापुढे उभा राहिलो, त्यांना खाली उतरवले आणि समाजऋणावर संक्षिप्त प्रवचन दिले. त्यांनी निमूटपणे खड्डा बुजवला. जाताना त्या मुलाने बोट उचलले. बनबरीतले.

स्नो म्हणाला की बरं केलंस, पण तुझी जीभ जरा कमी बुजवलेली आहे.


९ ऑगस्ट

अद्य महन्मंगलम्!

धुराड्यामागच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात यंत्र गायले. स्वर बारीक, चढता, निःसंशय. कुदळ घातली. माझ्या कुदळीच्या पात्याचा एक कोपरा तुटलेला आहे, त्यामुळे प्रत्येक घावाच्या कडेला मातीत एक उभी रेघ राहते. मल्गाचे बोटभर जाड मूळ आडवे आले, ते तोडले. कोपरापर्यंत हात जाईल इतक्या खोलीवर तो होता : कानाच्या पाळीच्या आकाराचा आणि जवळपास तेवढाच, शुद्ध, जड, पिवळा. हातात घेतला तेव्हा तो कोमट लागला, वास्तविक इकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, आणि आजची सकाळ गोठवणारी होती.

रिकाम्या खड्ड्यावरून मी पद्धतीप्रमाणे थाळी पुन्हा फिरवली. खोलवरून आणखी एक स्वर आला, पण तो जाड होता. दोन हुंकार, एकामागून एक. मला वाटले कोरल मागे येऊन उभी राहिली. वळून म्हणालो की देवी, पाहा! मागे कोणी नव्हते. ती कॅरव्हॅनपाशी भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे पाव, भाजत होती. पीठ लागलेले तिचे हात मला तिथून दिसत होते. एखादे जुने लोखंड असणार. या गावात जमिनीखाली लोखंडाला तोटा नाही.

मग मी धावलो. उदरासह. सोने मुठीत, टोपी मागे, कुदळ खांद्यावर. कोरलने खडा पिठाच्या हाताने घेतला, चावून पाहिला आणि माझे डोके धरून टकलाचे चुंबन घेतले. लग्नानंतर अशी घटना जवळजवळ घडलेली नाही.

सायंकाळी स्नोने पेला भरता भरता सहज विचारले की बुजवलास ना? मी म्हणालो, अर्थातच.

हे लिहिताना लक्षात येते की मी बुजवलेला नाही.

त्याच्यासमोर तसे म्हणणे अशक्य होते. काल त्याच्यादेखत मी समाजऋणावर प्रवचन दिले. उद्या निघण्यापूर्वी जाऊन उरकून टाकीन. कोणाला कळणार आहे?


१० ऑगस्ट, सकाळ. रस्त्याकडेच्या पहिल्या थांब्यावर.

आजचा संपूर्ण दिवस प्रवासाचा. गंतव्य लिओनोरा, तेथे कोरलला गरम पाण्याचे न्हाणीघर आणि मला मटनाच्या फोडी अभिप्रेत आहेत.

पहाटे गवतावर दहिवर गोठले होते. कॅरव्हॅनची कडी बसेना, पुढचे चाक वर चढेना, कोरल थंडीने कुरकुरत होती. ओढ्याच्या पात्राकडे जाणे राहिले. राहिले म्हणजे मी गेलो नाही. रोजनिशीत तरी भाषेने माझी पाठराखण करू नये.

निघालो आणि धुराडे आरशातून नाहीसे होते न होते तोच गाडीतल्या, आपसात बोलायच्या रेडिओवर स्नोचा आवाज आला. म्हणाला, लेस्टर, ओढ्यात एक खड्डा उघडा आहे, कडेला रेघा आहेत, तुझ्या कुदळीच्या. मी बुजवू शकत नाही, तुला ठाऊक आहे. गाडी फिरव. फार लांब गेला नाहीस अजून.

मी उत्तर दिले नाही. कोरलने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी रेडिओच्या खरखरीला दोष देऊन आवाज बारीक केला. ती म्हणाली की तो तुझं नाव घेत होता. मी म्हणालो, निरोप देत असेल.

त्याने पुन्हा एकदा हाक मारली. या वेळी माझे नाव घेतले नाही. कोरल, तू खाली उतरू नकोस, असे काहीसे तो म्हणाला आणि आम्ही त्याच्या टप्प्याबाहेर गेलो.

पुढे प्रदेश मनोहर. दुतर्फा मल्गा, मातीच्या ढिगांमागे बंद पडलेल्या खाणींचे लाकडी मनोरे, मधूनच पिवळ्या रानफुलांचा सडा. खनिजाने भरलेले तीन-तीन डब्यांचे ट्रक धूळ उडवीत जातात आणि मग बराच वेळ जगात काही उरत नाही. कोरल पाय सोडून गाणे गुणगुणत होती.

येथे चहासाठी थांबलो. कोरल किटली घ्यायला कॅरव्हॅनमध्ये गेली. पायरीवरून उतरताना तिचा उजवा पाय खाली टेकलाच नाही. मी दंड धरला म्हणून बरे. पायरीच्या अगदी पुढ्यात खड्डा होता. ती म्हणाली की मघाशी चढताना नव्हता. मी म्हणालो की मघाशी तू पाहिला नसशील.

मी वाकून पाहिले. कडेला उभ्या रेघा आहेत. तुटलेल्या कोपऱ्याच्या कुदळी या प्रांतात पुष्कळांकडे असतील.

एक गोष्ट विलक्षण. खणलेली माती कोठेच नाही. आणि खड्ड्याच्या भिंतीतून मल्गाचे तोडलेले मूळ बाहेर आले आहे, ताजे, ओलसर. येथे दगडी सपाटी आहे. नजरेच्या टप्प्यात एकही झाड नाही.


१० ऑगस्ट, दुपार. मिठाच्या तळ्याकाठी.

कोरल कॅरव्हॅनच्या सावलीत बसून राहिली आहे. जेवण कुणी केलेले नाही.

दुसऱ्यांदा थांबलो ते तळे पाहण्यासाठी. पांढरेशुभ्र, कोरडे, क्षितिजापर्यंत. माती इथे करड्या चिकणाची, पावलाने दबत नाही. आणि तरीही पायरीच्या पुढ्यात तो होताच. या खेपेस कोरल उतरण्यापूर्वी वाकली. कमरेपर्यंत खोल. आतल्या भिंती तांबड्या. सेकंड हेल्पिंगच्या मातीच्या.

तेच मूळ.

तिने मला एकच प्रश्न विचारला, तोही हळू आवाजात : स्नो सकाळी काय सांगत होता? मी सांगितले. सगळे. खड्डा, पेला, 'अर्थातच', रेडिओ.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली की लोकांना जरा उशीर झाला की तू काचेवर पावती चिकटवायचास, आठवतं? एक बाई रडत होती, तिचं पोर दवाखान्यात होतं. तू म्हणालास, नियम म्हणजे नियम.

मी खिशातला खडा चाचपला.

मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली, टाक तो खडा आत. मी म्हणालो की आपण शांतपणे विचार करू. ती म्हणाली, लेस्टर, टाक. मी टाकला. पडल्याचा आवाज आला नाही. तिनेही आपल्या बाटलीचे बूच टाकले, स्नोने सांगितले तसे. मी फावडे घेतले, पण त्या चिकणावर ते घसरते. ओंजळभरही माती निघाली नाही. बुजवायचे कशाने? या खड्ड्याची माती दूर ओढ्याच्या पात्रात पडली आहे.

कोरलने ठरवले आहे की पुढच्या रोडहाऊसवर, वाटेवरच्या खानावळीपाशी, गाडी वळवायची आणि परत जायचे. मी मान्य केले. पहिल्यांदा, वाद न घालता.

निघतो.


१० ऑगस्ट, ऊन उतरताना.

रस्त्याच्या मध्येच उभे आहोत.

चालताना मागे खडखड होत होती. कोरल म्हणाली, थांबव. मी उतरलो, तिला उतरू दिले नाही. कॅरव्हॅनच्या पायरीवर सोन्याचा खडा होता. धुतल्यासारखा स्वच्छ. अजून कोमट.

बूच नव्हते.

सोने परत केले. तिचे बूच ठेवून घेतले.

पुढे आलो आणि पाहिले — तो आता गाडीच्या पुढे आहे. या काठापासून त्या काठापर्यंत, रस्ता खाऊन. आम्ही थांबलो नसतो तर. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, वळायला जागा नाही. जरा मागे, डाव्या हाताला, एका जुन्या खाणीकडे जाणारी वाट फुटते. कॅरव्हॅन मागे घेत त्या वाटेत घालायची, मग तोंड फिरवायचे. दुसरा मार्ग नाही.

मी यंत्र काढले. का, ते सांगता येत नाही. कोरल गाडीत बसलेली होती, काच वर, बरीच दूर. तिच्याकडे पाठ करून मी खड्ड्याच्या काठावर थाळी धरली.

दोन हुंकार. खोलवरून. गाय दोनदा खोकली.

परवाही तेच होते. नाही — कालच. काल मी ऐकले होते. मागे वळून म्हणालो होतो, पाहा.

तिला हे सांगितले नाही. एवढेच म्हणालो की तू उतरायचं नाहीस, मी एकटा मागे घेतो. ती हसली. आज पहिल्यांदा. म्हणाली की तू एकटा मागे घेतलीस तर आपण दोघं खड्ड्यात जाऊ. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली की म्हाताऱ्या, मी काठीने जमीन चाचपत चालीन, तू आरशात माझ्याकडे बघत राहा, नजर हलवू नकोस. मी हात धरून ठेवला. तिने सोडवून घेतला. उजेड आहे तोवर उरकू या, म्हणाली.

चाललीय. काठी ठोकतेय. आरशात आहे. सबंध दिसते — टोपी, निळा स्वेटर, बूट.

डावा हात वर केला.


नंतर

मी नजर हलवली नाही. देवाशपथ नाही हलवली.

दोन बोटे. थोडे मागे. मी आलो. आणखी थोडे. आलो. तिचे बूट दिसेनात. वाटले, उतार आहे. हात चालूच होता. मग गुडघे नाहीत. मग कमर. ती खाली पाहत होती. मग वर, माझ्याकडे. तोंड उघडले होते. आवाज नाही. मी मुठीची वाट पाहिली. मूठ म्हणजे थांब. मूठ वळली नाही. दोन बोटे वाकत राहिली, ती ओरडत होती आणि बोटे म्हणत होती, ये, ये —

ब्रेक मारला. धावलो.

काठी पडलेली. खड्डा नाही. सपाट. टाचेने ठोकलेला. वरून फांदीने झाडलेला, नीट, माझ्यासारखा. मध्यभागी पांढरी गारगोटी.

मी नाही केले हे. मी गाडीत होतो.


यंत्र लावले. वरच्यावर आहे. हातभर खाली, तिचा स्वर, दोन हुंकार. खणले. थाळी लावली. आणखी हातभर खाली. खणले. आणखी खाली. जेवढे खणतो तेवढी ती —

फावड्याचा दांडा तुटला. नखे गेली.

रेडिओवर हाका मारल्या. सगळ्या वाहिन्यांवर. कुणी नाही. एक ट्रक लांबून गेला, त्याने बोट उचलले.

हे लिहून ठेवतो कारण कुणीतरी इथे आले पाहिजे. लिओनोराच्या रस्त्यावर, मिठाच्या तळ्याच्या पुढे, डावीकडे खाणीची वाट. गारगोटी मी काठावर ठेवली आहे. तिथे खणा. तिचं नाव कोरल. निळा स्वेटर.

आणि तो खड्डा उघडा ठेवू नका. नाही — ठेवा. ती आत आहे. बुजवू नका.

कोणते ते मला कळत नाही.


सुकाणूवर बसून लिहितोय. बाहेर उजेड आहे अजून. सगळे स्वच्छ दिसते.

आरशात हात आहे.

जमिनीतून वर, मनगटापर्यंत. डावा. अंगठी तिची. नखांत पीठ — कालचे, स्कोनचे.

दोन बोटे जुळवली.

पुढे रस्ता नाही. पुढे तो. मागे ती.

मूठ कर, कोरल. एकदा मूठ कर.

नाही करत.

ती आरशात आहे तोवर मागे येत राहायचे. नियम म्हणजे —

गाडी सुरू केली. एका हाताने लिहितोय. बोटे वाकताहेत. थोडे मागे. बरोबर आहे, असंच ती करते. आणखी थोडे. मी येतोय गं. आणखी थो